नदीवरील उपकार

परोपकाराच्या नांवाखालीं जें कांहीं केलें जातें त्याचा हिशेब सहसा कोणी मागत नाहीं. नदींतले मासे कमी झाले, तर हौदांत वाढविलेले मासे आणून तिच्यांत ओतावे, ही कल्पना इतकी सरळ व उदार दिसते कीं, तिच्यावर आक्षेप घेणारा मनुष्य हेकटच ठरावा. आम्ही हा हेकटपणा पत्करून म्हणतों कीं, हें औदार्य नदीस घातक आहे. आणि ज्यांच्या सुखासाठीं तें केलें जातें त्या गळ टाकणारांसही.

आमचा पुरावा अमेरिकेंतील माँटाना राज्यांतला आहे. तेथील मॅडिसन ही ट्राउट माशांसाठीं नांवाजलेली नदी. एनिस गांवाजवळचा ओडेल हा झऱ्यांच्या पाण्याचा थंड ओढा तिलाच मिळतो. सरकारी मत्स्यशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनीं १९७० च्या सुमारास येथें एक साधा प्रयोग केला. मॅडिसनच्या ज्या पट्ट्यांत वर्षानुवर्षें हौदांतले ट्राउट सोडले जात, तेथें ते सोडणें थांबविलें. ओडेलमध्यें सोडले जात नसत, तेथें सोडले. लौकिक तर्काप्रमाणें नदींतले मासे घटावयास व ओढ्यांतले वाढावयास हवे होते. घडलें उलट! नदींतले वन्य ट्राउट झपाट्यानें वाढले. ओढ्यांतले मोठे ब्राउन ट्राउट सुमारें निम्म्यावर आले. वन्य ट्राउट जेथें स्वतःच्या बळावर नांदतात, अशा नद्यांत मासे सोडण्याची प्रथा माँटानानें १९७४ सालीं बंद केली.

यांत गूढ कांहीं नाहीं. वन्य ट्राउट प्रवाहांत दगडाच्या आडोशाची एक जागा धरून राहतो. कमी श्रमांत अन्न वाहत येईल अशी ती जागा असते. हौदाच्या दाटींत, फेकलेल्या दाण्यावर वाढलेल्या माशांना ही मर्यादा ठाऊक नसते. ते घुसतात, मूळच्या रहिवाशास हुसकावतात, आणि स्वतःही फार दिवस टिकत नाहींत.

पिसें व रेशीम यांची कृत्रिम माशी गळावर बांधून ट्राउट पकडण्याच्या विद्येचें मर्मही येथेंच आहे. आज कोणता किडा पाण्यांतून वर आला आहे आणि प्रवाह त्यास कसा वाहून नेतो, हें ओळखून तशीच माशी तशाच संथपणें माशापर्यंत जाऊं द्यावी लागते. दोरीच्या ओढीनें ती किंचित् फरफटली कीं तो तोंड फिरवितो. हा परीक्षक नदीनें घडविलेला असतो. हौदांतून नुकताच आलेला मासा परीक्षा कसली घेणार? तो प्रश्नपत्रिका उत्तरांसकट हातीं देतो!

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, चतुर शौकिनांपुरती नदी राखण्यापेक्षां सामान्य परवानेदाराच्या गळास मासा लागूं द्यावा. परंतु न ओततांच नदींत मासे अधिक होतात, हेंच तर मॅडिसननें दाखविलें. दुसरा अधिक बोचक आहे: ब्राउन ट्राउट तरी तेथला कोठें? त्याचीं अंडीं १८८३ सालीं जर्मनींतून अमेरिकेंत आलीं. हें खरें; आणि परक्या ट्राउटांपुढें तेथल्या मूळच्या कटथ्रोट ट्राउटास मागें हटावें लागलें, हेंही खरें. पण हा दाखला आमच्याच बाजूचा आहे. एकदां ओतलेलें सहसा परत काढतां येत नाहीं. मग पुन्हां ओतण्याची घाई कां?

महाराष्ट्रीय वाचकांनीं हा वाद दूरचा मानूं नये. पुण्याच्या मुळा-मुठेवरून शास्त्रास परिचित झालेला निळ्या परांचा महसीर लोणावळ्यास वाढवून कावेरींत सदिच्छेनेंच सोडला गेला. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर २०१८ सालीं अतिसंकटग्रस्त ठरला. त्याच्या ऱ्हासाच्या कारणांत हा पाहुणाही मोजला जातो.

नदीस मासे द्यावयाचे नसतात. थंड पाणी, स्वच्छ तळ व कांठची सावली द्यावयाची असते. हल्लीं उन्हाळ्यांत पाणी तापलें म्हणजे माँटानांत दुपारीं दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकण्यास बंदी होते. तेथें आणखी मासे ओतल्यानें पाणी थंड होणार आहे काय? मासे ओतण्याचा समारंभ करतां येतो, सावली राखण्याचा करतां येत नाहीं. एवढ्याचसाठीं पहिलें काम लोकप्रिय आहे आणि दुसरें तसेंच पडून आहे.