घरकुलाचा फोटो निघतो, पण आतला उकाडा कोण मोजतं?

घरकुल मंजूर झालं की पुढचा क्रम गावात सगळ्यांना पाठ असतो. जोत्याचा फोटो, भिंतींचा फोटो, छताचा फोटो. जिओटॅग केलेला फोटो अ‍ॅपवर चढला की पुढचा हप्ता सुटतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड तालुक्यातलं पिशोर घ्या नाहीतर मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव, पद्धत हीच.

या फोटोत भिंत दिसते, छत दिसतं, दारात उभा असलेला घरमालकही दिसतो. पण मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या घरात बसता येतं का, हे काही दिसत नाही. आणि खरा विषय तोच आहे.

हा विषय आत्ताच का?

कारण घरं आत्ता बांधली जातायत. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये आणखी २ कोटी घरांना मंजुरी दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये एकट्या महाराष्ट्रात २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं देण्याचा कार्यक्रम पुण्यात झाला. घर एकदा बांधलं की एक-दोन पिढ्या त्यातच राहतात. म्हणजे आज गवंडी जे छत टाकतोय, त्याखाली पुढचे तीस-चाळीस उन्हाळे काढायचे आहेत.

जुनं माळवद थंड का असायचं?

मराठवाड्यातली जुनी घरं आठवा. पांढऱ्या मातीच्या जाडजूड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. कुणी त्याला माळवद म्हणतं, कुणी धाबं. जाड मातीतून उष्णता फार हळू आत सरकते. दुपारचं ऊन आतल्या खोलीत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोपर्यंत बाहेरची हवा निवलेली असते, दारं उघडी असतात आणि माणसं अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असतात.

भर उन्हात वेरूळच्या लेण्यात शिरल्यावर जो गारवा लागतो, त्याचं कारणही हेच. डोक्यावर अख्खा डोंगर असतो, तो दिवसभरात तापत नाही.

मग माळवद गेलं का?

इथं जुन्याचं कौतुक करून थांबता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावरचं जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळलं. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची भीती बसली, ती रास्तच होती.

शिवाय लाकूड महागलं. पावसाळ्याआधी दरवर्षी माती टाकायला माणसं मिळेनात. गळतीचा त्रास वेगळाच. त्यामुळे लोक पत्र्याकडे आणि जमेल तसं स्लॅबकडे वळले. भूकंप आणि पाऊस या दोन्हींचा विचार केला तर हा निर्णय चुकीचा नव्हता. त्यात उन्हाचा हिशोब मात्र सुटला.

पत्रा आणि स्लॅब नेमकं काय करतात?

पत्रा पातळ असतो. ऊन पडलं की काही मिनिटांत तापतो आणि खालच्या माणसावर तव्यासारखी धग टाकतो. सूर्य मावळला की लवकर थंड होतो, एवढाच दिलासा.

स्लॅबचं उलटं आहे. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन घेतं आणि संध्याकाळनंतर ते आत सोडू लागतं. म्हणून रात्री दहा वाजता अंगणात वारा सुटलेला असतो, पण घरात घामाच्या धारा लागतात. पंखा लावला तर तीच गरम हवा फिरते. दिवसभर शेतात राबलेल्या शरीराला रात्री निवायला वेळ मिळत नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बाळंतिणींना हे सगळ्यात जड जातं.

आणखी एक गोष्ट. हवामान खातं जे तापमान सांगतं, ते सावलीत, हवेशीर पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. बातमीत ४१ अंश ऐकलं तरी पत्र्याच्या खोलीतला आकडा वेगळाच असतो. तो कुणी नोंदवत नाही.

नियम आहेत, पण कुणासाठी?

घरं कमी तापावीत यासाठी देशात नियम आहेत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं डिसेंबर २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. छतातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तिनं ठरवली. हे मोजण्याचं एक माप असतं, त्याला यू-मूल्य म्हणतात. आकडा जितका कमी, तितकं छत चांगलं. संहितेची मर्यादा १.२ आहे. वर कुठलाच थर नसलेल्या साध्या स्लॅबचा आकडा साधारण ३ च्या पुढे जातो.

पण ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी होती. घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. ते या चौकटीत बसतच नाही. म्हणजे एसी घेण्याची ऐपत असलेल्यांच्या इमारतीला नियम, आणि ज्याच्याकडे पंख्याशिवाय काही नाही त्याचं घर नियमाबाहेर.

तेलंगणानं वेगळा रस्ता धरला. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी 'कूल रूफ' धोरण जाहीर केलं आणि सरकारी योजनेतल्या गरिबांच्या घरांना ऊन परतवणारं छत सक्तीचं केलं. तेलंगणाची हद्द मराठवाड्याला लागून आहे, ऊनही जवळपास तेच.

पैशांचं गणित

सपाट भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. महाराष्ट्रानं २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामासाठी आणि १५ हजार छतावर सौर पॅनल बसवणाऱ्यांसाठी. सौर पॅनल चांगलंच, वीजबिल कमी होतं आणि त्याची सावली पडते तेवढा स्लॅबही कमी तापतो. पण वीज तयार करायला स्वतंत्र पैसे आहेत, तर उष्णता आत येऊ नये म्हणून वेगळी तरतूद दिसत नाही. खरं तर दुसरं काम स्वस्त आहे.

मग काय करता येईल?

घरकुल लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं असतं, ठेकेदाराला द्यायचं नसतं. त्यामुळे बरेच निर्णय घरमालक आणि गवंडी मिळूनच घेतात.

• स्लॅबवर चुन्याचे दोन-तीन हात द्या. पांढरं छत बरंचसं ऊन परत पाठवतं आणि खोलीचं तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरू शकतं. धूळ बसते, म्हणून दर उन्हाळ्याआधी पुन्हा हात मारा.
• पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथं पत्र्यासाठीचा पांढरा रंग वापरा. खाली बांबूची चटई किंवा तुराट्यांचा ताटवा लावून मध्ये हवा खेळती ठेवा, फक्त चुलीपासून लांब.
• खिडक्या समोरासमोर ठेवा. एकाच खिडकीतून वारा आत येतो, पण बाहेर जायला वाट नसते.
• पश्चिमेच्या भिंतीला सावली करा. मांडव, वेल, शेवगा, काहीही चालेल.
• विटांचं काम असेल तर गवंड्याला 'रॅट-ट्रॅप' रचना येते का विचारा. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी ती रुजवली. विटा उभ्या लावून मध्ये पोकळी सोडतात. साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंतही कमी तापते.

या योजनेत गवंड्यांच्या प्रशिक्षणाची सोय आहेच, त्यात हे शिकवायला अडचण नसावी. आणि छताचा फोटो काढताना अ‍ॅपमध्ये एक रकाना वाढवता येईल : वर पांढरा थर दिला का? त्यासाठी दोन-चार हजार वेगळे दिले, तर तो रकाना भरला जाईल.

तोवर हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त सभा मे महिन्यात, दुपारी, एखाद्या नव्या घरकुलात घ्या. विषय समजावून सांगावा लागणार नाही.