पाइपचा रंग कुठला?

डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. दिंडोशीतल्या आमच्या सोसायटीची मीटिंग. विषय क्रमांक तीन: शेजारच्या बेकरीच्या लाकडाच्या भट्टीचा धुराचा पाइप. हा पाइप आमच्या बी विंगच्या भिंतीला जवळजवळ खेटून वर जातो. गंजला होता, आणि खिडकीतून नॅशनल पार्कचा डोंगर बघताना नेमका मध्ये यायचा. बेकरीवाला स्वखर्चाने रंगवून द्यायला तयार होता. "फक्त रंग कुठला ते सांगा," म्हणाला.

बस्स! पुढचा सव्वा तास रंगावर. क्रीम, कारण बिल्डिंग क्रीम आहे. ग्रे, कारण मळत नाही. एका काकांनी आकाशी सुचवला, म्हणजे पाइप दिसणारच नाही म्हणे. मीही कमी नव्हतो, लॅपटॉप उघडून तीन शेड्स दाखवल्या. शेवटी ग्रे पास झाला, चहा आला, सगळे घरी. धुराबद्दल एकाचाही एक प्रश्न नाही.

आमच्या धंद्यात याला 'बाइकशेड' म्हणतात. पार्किन्सनने १९५७ च्या पुस्तकात अशी एक समिती रंगवली होती, जी अणुभट्टी मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर वाद घालत बसते. कारण अणुभट्टी कुणाला कळत नाही, शेड सगळ्यांना कळते. १९९९ मध्ये फ्रीबीएसडीच्या पॉल-हेनिंग काम्पने हा दाखला प्रोग्रामर लोकांत रुजवला.

पण माफ करा, आमच्या मीटिंगला हा दाखला लागू नाही. धूर कुणाला कळत नाही? पहाटे खिडक्या लावून घेतो, वाळत घातलेले कपडे झटकतो. बेकरीत उतरणारं लाकूडही सगळ्यांनी पाहिलंय: मोडके पलंग, रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड. त्याचा धूर साध्या लाकडापेक्षा वाईट, हे कळायला डिग्री लागत नाही. आम्ही रंगावर बोललो ते धूर कळत नाही म्हणून नव्हे. रंगाचा खर्च दुसऱ्याचा होता, म्हणून!

बरं, रंगाने काय होतं? साधा ऑइलपेंट तापलेल्या पाइपवर टिकत नाही, फोड येऊन सोलतो. उष्णता सोसणारा पेंट लागतो. धूर वर खेचला जातो तो पाइपच्या उंचीमुळे आणि आतल्या उष्णतेमुळे. ओलं लाकूड जाळलं की आत डांबरासारखा थर साचतो आणि तो पेटूही शकतो. यातलं एकही काम बाहेरचा ग्रे करत नाही.

मग ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. आमच्याकडे आनंदीआनंद. बेकरीवाल्याने गॅसची तयारी केली आणि लाइन आमच्या कंपाउंडमधून न्यायला सोसायटीची एनओसी मागितली. ती अजून अडकलेली आहे. का? तर नवे पेव्हर ब्लॉक उखडतील!

म्हणजे लाकूड नको, आणि गॅसही आमच्या अंगणातून नको. पाव मात्र गरम पाहिजे, आणि जुन्याच भावात. कोर्टाने सांगितलं ते योग्यच सांगितलं. पण स्वच्छ हवेचं सगळं बिल एकट्या बेकरीवाल्याच्या नावावर फाडायचं, हा कुठला न्याय? भट्टीसमोर रात्रभर उभी राहणारी चार पोरं सर्वांत जास्त धूर खायची. धूर बंद झाला आणि पहिली नोकरीही त्यांचीच गेली. आता पाव टेम्पोने बाहेरून येतो.

पुढच्या मीटिंगला मी एनओसीचा विषय पहिला घ्यायला सांगणार आहे. ब्लॉक परत बसवायच्या खर्चात माझ्या फ्लॅटचा वाटा लिहून देणार आहे. तुमच्याही सोसायटीत असा एखादा कागद पडून असेल, तर जरा बघा.

आमचा पाइप सध्या एकदम झकास ग्रे दिसतो. त्यातून धूर येत नाही, आणि खाली पावही भाजला जात नाही.