पिकतं तिथं चाखायचं कोणी?

शेतकरी मंडळी, ‘पिकतं तिथं विकत नाही’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. भाव पडला की ही म्हण, व्यापारी फिरकला नाही की ही म्हण. आज तिच्याकडे जरा दुसऱ्या अंगाने बघू. पिकते तिथे विकत नाही याचे एक कारण असे, की पिकते तिथे चाखणारे गिऱ्हाईक उरले नाही. हळद आपली, गूळ आपला, बेदाणा आपला. पण तो निरखून, वास घेऊन, चार पैसे जास्त मोजून घेणारा माणूस पुण्या-मुंबईचा किंवा गुजरातचा. आणि आपण? सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरवतो आणि परतीच्या वाटेवर पाव किलो हळदीचे पाकीट घेऊन घरी येतो. ती हळद कुठल्या शिवारातली, हे पाकिटावर लिहिलेले नसते आणि आपणही विचारत नाही. हसू नका, कितीतरी घरांत हेच चालले आहे.

सरकारने २०२५ साली आपल्या इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करायचे जाहीर केले. नाव कुठलेही घ्या, पेठ तीच आहे. या पेठेत, तशीच आष्ट्याच्या, कराडच्या आणि सांगलीच्या पेठेत, एकाच मालाची म्हणावी अशी दुकाने अजून तग धरून आहेत. तिथला दुकानदार सतरा जिन्नस ठेवत नाही. दोन-चारच ठेवतो, पण त्यातले त्याला सगळे कळते. मिरची-मसाल्याचे दुकान घ्या, गुळाचे घ्या, लाकडी घाण्याचे घ्या, नुसत्या तांदळाचे घ्या. अशा दुकानात जाऊन चाखून माल घेणे ही काही चैन नव्हे. माझे तर म्हणणे असे, की तो शेतीधंद्याचाच एक भाग आहे. आणि वर त्यात आनंद आहे तो वेगळाच!

मिरचीचेच बघा ना. मार्च-एप्रिलचे ऊन तापले की घरोघरी वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते. कांदा-लसूण मसाल्याला आपण नुसते ‘चटणी’ म्हणतो, बाहेरच्या पाहुण्याला ते समजावून सांगावे लागते. मिरचीच्या दुकानात पाय ठेवला की आधी शिंक येते, मग नजर ठरते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी झटक्याला. जाणता दुकानदार आधी विचारतो, ‘वैनी, खाणारी माणसं किती? पोरं लहान हायेत का? मुंबईला किती पाठवायची?’ मग तो प्रमाण सांगतो. धने, खोबरे, तीळ, दगडफूल, तमालपत्र एकेक करून पुड्यात बांधले जाते. घरातली म्हातारी मिरची मोडते, देठ बघते, बी खुळखुळवते, ओलसर लागली तर बाजूला सारते. दुकानदार रागावत नाही, उलट खूश होतो. कारण पारखणारे गिऱ्हाईक आले, की चांगला माल ठेवल्याचे त्याचेही चीज होते. हा जो पाच मिनिटांचा संवाद आहे, तो पाकिटात मिळत नाही.

आता हळद. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद आठ-नऊ महिने रानात राहते. मग काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. इतका उपद्व्याप करणारा माणूस स्वतःच्या कालवणात कुणाची तरी अनोळखी पूड टाकतो, याला काय म्हणावे? सांगलीची हळद म्हणजे मूळची आपली राजापुरी. या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने हळदीच्या जाती दिल्या. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत होती, २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवे बाद झाली. एवढा मोठा वारसा! पण एक गोष्ट ध्यानात घ्या. सांगलीच्या बाजारात हिंगोली-नांदेडचीही हळद येते, कर्नाटक आणि तेलंगणाचीही येते. त्यात वाईट काही नाही, बाजार मोठा असल्याची ती खूण आहे. मात्र त्यामुळे ‘सांगली हळद’ एवढ्या पाटीवरून ती आपल्या शिवारातली, असे ठरत नाही. ते विचारावे लागते.

खास दुकानात हळकुंड हातात मिळते. मोडून बघा. चांगले वाळलेले असेल तर खट्‌कन आवाज येतो, आत गडद केशरी रंग दिसतो, बोटाला वास राहतो. नुसत्या वरच्या पिवळेपणावर जाऊ नका. बांगलादेशात हळकुंडांना शिसे असलेला पिवळा रंग चोळतात, हे संशोधकांनी २०१९ साली उघडकीला आणले आणि तिथल्या सरकारला कडक पावले उचलावी लागली. तेव्हा अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे गिऱ्हाईक असेल, तर फसवणारा कुठेही भेटतो. हळकुंड घ्या, मोडून बघा आणि गिरणीत डोळ्यांदेखत दळून आणा.

गुळाची गोष्ट तर आपल्या जिभेनेच बिघडवली आहे. १०० किलो उसापासून १० ते १२ किलो गूळ पडतो. रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून मळी काढायची, हे जुने तंत्र. त्या गुळाचा रंग तांबूस, कधी काळपट. पण बाजाराने ठरवले, की पिवळाधमक गूळ तेवढा चांगला! मग गुऱ्हाळवाल्याने हायड्रॉस पावडर टाकली आणि रंग उजळला. आता मला सांगा, दोष एकट्या गुऱ्हाळवाल्याचा का? तांबडा गूळ घेऊन तो सौद्याला उभा राहिला, तर भाव कमी लागणार. दुकानात आपण ‘जरा पिवळा दाखवा’ म्हणतो, ते गुजरातच्या व्यापाऱ्याच्याच सुरात म्हणतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली मानांकन मिळाले. परंतु मानांकन कागदावर राहते, भाव मात्र गिऱ्हाइकाच्या जिभेवर ठरतो. गुळाच्या जाणत्या दुकानात जा, रव्याचा तुकडा तोडून मागा. खारट लागतो का, दाताखाली कचकचतो का, तोंडात विरघळताना उसाची चव मागे राहते का, हे बघा. ‘गाढवाला गुळाची चव काय’ असे आपण दुसऱ्याला म्हणतो. ऊस पिकवणाऱ्या वाळवा तालुक्याला ही म्हण लागू पडू नये, एवढीच इच्छा.

बेदाण्याचेही तेच. साधारण ४ किलो द्राक्षांतून १ किलो बेदाणा होतो. तासगाव भागातल्या शेडवर, सावलीत, जाळ्यांवर तो वाळतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली मानांकन मिळाले. लग्नाच्या खिरीत आणि दिवाळीच्या डब्यात तो पडतो, पण हिरवा कुठला, पिवळा कसा होतो, काळ्याची चव वेगळी का, हे विचारणारा विरळा. पिवळ्यासाठी गंधकाची धुरी देतात. हिरव्यासाठी सावलीतली वाळवण आणि नंतर शीतगृह लागते. दुकानात तिन्ही शेजारी ठेवून एकेक दाणा तोंडात टाका. दाणा गराने भरलेला आहे की नुसते साल, ते दातालाच कळते. फुकट मिळणारी ही शाळा आहे, मंडळी!

परदेशात अशा दुकानांना फार मान आहे. जर्मनीत त्यांना ‘डेलिकेटेसन’ म्हणतात आणि हा शब्द इंग्रजीतही गेला. इटलीत पार्मेझान नावाचे चीज आहे. ते कमीत कमी १२ महिने मुरवतात, काही २४, काही ३६ महिने. चाकासारख्या त्या मोठ्या ढेपेच्या सालीवर डेअरीचा क्रमांक आणि ती कुठल्या महिन्यात बनली हे उमटवलेले असते. त्यामुळे गिऱ्हाइकाला तुकडा कापून देताना दुकानदार सांगू शकतो, की ही अमुक डेअरीची, तमुक महिन्याची. गिऱ्हाईक चाखते, पटले तर जास्त पैसे देते आणि त्यातला वाटा दूध घालणाऱ्यापर्यंत पोचायला वाट राहते. आपल्या हळदीच्या पोत्यावरचे गावाचे नाव मात्र पहिल्याच सौद्यात पुसले जाते. फरक आहे तो इथे.

तुम्ही म्हणाल, ते इटलीत, इथे कुठे? मग भिलवडीकडे बघा. १९३९ साली कृष्णाकाठच्या त्या गावात चितळ्यांनी दुधाचा धंदा सुरू केला आणि १९५० साली पुण्यात दुकान घातले. पुढे पुणेकर त्या दुकानासमोर रांगा लावू लागले. दूध आपल्याच भागातल्या गोठ्यांतले होते. रांग लागली ती चव रोज सारखी मिळते या खात्रीपोटी. साताऱ्याच्या कंदी पेढ्याचे, जयसिंगपूर-सांगलीच्या भडंगाचेही तेच. साधा खवा आणि साधे चुरमुरे, पण एका जिनसाचा ध्यास घेतलेल्या दुकानांनी त्यांना गावाचे नाव मिळवून दिले. पाहुणा एस. टी. थांबल्यावर उतरून पुडा घेतो, तो गावाचे नाव घेऊनच.

दुसरी बाजूही मांडायला हवी. पाकिटावर तारीख असते, वजन असते, किंमत छापलेली असते, परवान्याचा क्रमांक असतो. सुट्या मालाच्या दुकानात धूळ असू शकते, जुना माल नव्यात मिसळलेला असू शकतो, बिल मागितले तर कपाळाला आठी पडते. हे खरे आहे आणि ते सुधारले पाहिजे. अन्नपदार्थांच्या दुकानाला परवाना किंवा नोंदणी लागतेच, ती भिंतीवर लावलेली आहे का बघा. पक्के बिल मागा. बरणीवर झाकण आणि पोत्यावर गावाचे नाव मागा. खास दुकानाचा दुकानदार काही देव नव्हे. पण त्याला प्रश्न विचारता येतो, आणि पुढच्या खेपेला त्याचा जाबही धरता येतो. पाकिटाला काय विचारणार?

‘महाग पडते’ असेही कुणी म्हणेल. सगळा किराणा तिथून घ्या, असे माझे म्हणणेच नाही. साबण, काडेपेटी, चहापूड कुठूनही घ्या. पण आपण स्वतः पिकवतो ते चार जिन्नस तरी पारखून घ्या. वर्षाची हळद घराला लागते ती किती? दोन-चार किलो. त्यात वाचलेल्या पैशाने कुणाचा बंगला होत नाही. मात्र आपल्याच तालुक्यात चांगल्या मालाला जास्त पैसे मोजणारे हजार गिऱ्हाईक तयार झाले, तर राजापुरी लावणाऱ्याला, तांबडा गूळ करणाऱ्याला, घाण्यावर करडईचे तेल काढणाऱ्याला घरच्या अंगणात बाजार मिळतो. ते गिऱ्हाईक नसेल, तर जो तो एकरी उताऱ्यामागेच धावणार आणि चवीचे वाण एकेक करून बांधावरून नाहीसे होणार. एकदा बेणे गेले, की मग कितीही पैसे मोजा, काय उपयोग?

गावच्या कारभाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगतो. भौगोलिक मानांकनाचे नाव लावायचे, तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. ग्रामसभेत हा विषय घ्या, कृषी खात्याच्या माणसाला बोलवा, अर्ज भरून घ्या. ग्रामपंचायतीच्या गाळ्यांचा लिलाव होतो, तेव्हा मोबाईलच्या आणि पानाच्या दुकानांच्या रांगेत एक गाळा गावच्या मालासाठी राखा आणि बचत गटाला चालवायला द्या. बरणीवर शेतकऱ्याचे नाव आणि काढणीचा महिना लिहायला लावा. आणि साहेब किंवा आमदार आले, की शाल-श्रीफळ आणि हारतुऱ्यांवर खर्च होतो, त्याऐवजी गावची हळद आणि गुळाची ढेप द्या. हार संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटवर सुकतो, गूळ महिनाभर नाव काढतो.

तेव्हा पुढच्या बाजाराला जाल, तेव्हा घाई थोडी कमी करा. घरातल्या जाणत्या बाईला बरोबर न्या, पोरालाही न्या. हळकुंड मोडा, गुळाचा खडा तोंडात टाका, तेलाचा थेंब तळहातावर चोळून वास घ्या, आणि एकच प्रश्न न लाजता विचारा, ‘हा माल कुठल्या गावचा?’ दोन-चार वेळा दुकानदार गडबडेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले, की तो उत्तर शोधायला लागेल. आणि उत्तर शोधत तो ज्या बांधावर येईल, तो बांध कदाचित तुमचाच असेल.