हायब्रिड गाडीला घरच्या घरी बॅटरी जोडावी काय ?



गळीत हंगाम आटोपून ऊसबिलाचे हप्ते खात्यावर जमा होऊ लागले, की आपल्या कार्यक्षेत्रात दोन गोष्टी हमखास घडतात. लग्नाच्या तारखा ठरतात आणि कुठल्या ना कुठल्या वस्तीवर नवी गाडी येते. गेल्या दोन-तीन हंगामांत आलेल्या गाड्यांत हायब्रिड गाड्या बऱ्याच दिसतात. त्यांच्यापाठोपाठ आता एक नवा प्रश्न आला आहे : "साहेब, हिच्या डिकीत जास्तीची बॅटरी बसवली, की ती घरच्या लाईटवर चार्ज होते म्हणतात. बसवू का?" शेतकी विभागाच्या माणसाला लोकांनी फक्त खोडव्याचे आणि हुमणीचेच विचारावे असा काही नियम नाही. पण एक-दोन गटांत अशा कामासाठी बयाणाही दिला गेल्याचे कानावर आहे. शिवाय कारखान्याने या किटसाठी सभासदांना उचल द्यावी व ती ऊसबिलातून कापून घ्यावी, अशी सूचना वार्षिक सभेपुढे आणण्याचे काही मंडळींच्या मनात आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे किट घरच्या घरी बसवू नये, आणि सरकारमान्यता नसलेल्या किटसाठी कारखान्याने एक रुपयाही उचल देऊ नये. सुधारणेला माझा विरोध आहे असे कृपया कोणी समजू नये. ठिबकचा आग्रह धरताना मीच तुमच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

आधी ही गाडी काय असते ते पाहू. हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटर व एक लहान बॅटरी असते. ही बॅटरी बाहेरून चार्ज करायची नसते. ब्रेक मारताना, उतारावर आणि इंजिन चालू असताना ती आपोआप भरते व गाडी हलताना खर्ची पडते. २०२२ साली आलेल्या मारुती ग्रँड विटारा व टोयोटा हायरायडर या जोडगोळीची बॅटरी पाऊण युनिटाची आहे. एवढ्याशा बॅटरीवर गाडी कशी चालते, असे वाटणे साहजिक आहे. पण ती विहीर नव्हे, शेततळेही नव्हे. पाटाच्या तोंडाशी बांधलेला तो लहानसा हौद आहे. सतत भरायचा आणि सतत रिता करायचा, एवढेच त्याचे काम.

किटवाल्याचे म्हणणे असे, की या हौदाशेजारी एक मोठी टाकी बांधू, ती रात्री घरच्या विजेने भरू, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला हौद भरलेलाच आहे असे भासवू. मग गाडी वीज जास्त वापरील आणि पेट्रोल कमी जाळील. युक्ती खोटी नाही. २००४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कॅलकार्स नावाच्या गटाच्या रॉन ग्रेम्बन, फेलिक्स क्रॅमर आदी मंडळींनी टोयोटा प्रियसमध्ये शिशाच्या बॅटऱ्या बसवून हे करून दाखवले, आणि तेही घराच्या गॅरेजात. पुढे हायमोशन नावाचे ५ युनिटचे लिथियम किट तिकडे विकले जाऊ लागले. त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या आसपास होती, म्हणजे तेव्हाच्या दराने चार लाखांवर. अखेर २०१२ साली टोयोटाने स्वतःच प्लगची प्रियस बाजारात आणली. तेव्हा त्या लोकांची कल्पना खुळी होती असे कोणी म्हणू शकणार नाही.

पण त्याच इतिहासातली दुसरी बाजू किटवाला सांगत नाही. २००८ च्या जूनमध्ये साउथ कॅरोलिना राज्यात अशीच किट बसवलेली एक प्रियस रस्त्यावर चालता चालता पेटली. गाडी कोणा हौशी पोराची नव्हती, एका वीज सहकारी संस्थेची होती. आपल्या श्रीरामपूरच्या मुळा-प्रवराने २०११ पर्यंत वीजवाटप केले, तशीच ही सहकारी जात. म्हणजे विजेचे काम ज्यांच्या रोजच्या हाताखालचे, त्यांची गाडी. चौकशीअंती निघाले काय, तर बॅटरीतले बोल्टचे सांधे नीट जुळवले गेले नव्हते. ढिला सांधा तापला आणि पुढचे सारे झाले. ढिला सांधा काय करतो हे तुम्हाला सांगायला नको. स्टार्टरच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या पाहिल्या नाहीत असा बागायतदार आपल्या कार्यक्षेत्रात सापडणार नाही. फरक इतकाच, की विहिरीवर पेटी जळते आणि इथे पेटीत आपली माणसे बसलेली असतात.

"आमचा वायरमन मोटार भरतो, पॅनल बसवतो, त्याला हे काय अवघड?" असे म्हणणारे भेटतात. त्या वायरमनच्या हुशारीबद्दल मला आदर आहे. भर पाण्याच्या पाळीत तोच आपली लाज राखतो. पण विहिरीवरची वीज एसी आहे आणि बॅटरीतली डीसी. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला तो शून्य नाही. पुरेसा दाब असला की ठिणगी एकदा धरली की धरून ठेवते. हायब्रिड गाडीच्या बॅटरीचा दाब पावणेदोनशे-दोनशे व्होल्टच्या घरात असतो, आणि चावी काढून घेतली म्हणून तो नाहीसा होत नाही. त्या वायरींना नारिंगी रंग देतात तो शोभेसाठी नव्हे. मोटारीच्या पेटीतले कॉन्टॅक्टर आणि फ्यूज या कामाला चालत नाहीत. अंदाजाने बसवलेली वस्तू पहिले सहा महिने चालते आणि नंतर दगा देते.

बॅटरी कोणती, हाही प्रश्नच आहे. शिशाची घ्यावी तर ५ युनिटच्या बॅटरीचे वजन दीडशे किलोच्या आसपास भरते, म्हणजे डीएपीची तीन पोती डिकीत कायमची. मागचे स्प्रिंग आणि ब्रेक त्या हिशेबाने केलेले नसतात. लिथियम हलकी असते. पण स्वस्तात मिळते ती पुष्कळदा जुन्या सेलची जुळवाजुळव असते. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट त्यात धड आहे की नाही, हे वरून कळत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या. त्या तर कारखान्यात तयार झालेल्या होत्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. आपल्याकडे गाडी उभी राहते पडवीत, शेजारी कडब्याची गंज, पलीकडे पाचट, आणि आत मंडळी झोपलेली. रात्रभर, कोणाचे लक्ष नसताना, कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजवर चार्जिंग चालू. मला तर हे चित्र डोळ्यांपुढे आणवत नाही.

आता पैशाचा हिशेब मांडू, कारण शेवटी त्यावरच गाडी अडते. समजा ५ युनिटचे किट आहे. त्यातली चार युनिट वापरता येतात आणि तेवढ्यात गाडी २५ किलोमीटर जाते. चार युनिट भरायला भिंतीतून पाच घ्यावी लागतात. घरगुती दर १० रुपये धरला तर ५० रुपये झाले. हायब्रिड गाडी लिटरला २० देते असे धरले, तर तेच २५ किलोमीटर सव्वा लिटरात होतात. पेट्रोल १०५ रुपये धरा, म्हणजे १३१ रुपये. दिवसाला वाचले ८१. वर्षातून तीनशे दिवस न चुकता चार्ज केली, तर सुमारे २४ हजार. किट अडीच लाखांचे धरले, तर मुद्दल फिटायला दहा वर्षे. तोवर बॅटरी कुठे असेल? आणि व्याज मी धरलेलेच नाही. पुण्याला किंवा संभाजीनगरला जायचे तर पहिल्या २५ किलोमीटरनंतर किट म्हणजे नुसते ओझे.

याच हिशेबात लिटरला १२ देणारी जुनी गाडी घाला. २५ किलोमीटरला २१८ रुपयांचे पेट्रोल, म्हणजे दिवसाची बचत १६८ आणि वर्षाची पन्नास हजार. निम्म्या काळात किट फिटते. म्हणजे ज्या गाडीने आधीच पेट्रोल वाचवले आहे तिलाच आपण किट लावायला निघालो आहोत, आणि जिला खरी गरज आहे ती जुनी गाडी तशीच धूर सोडते आहे. ठिबक झालेल्या रानाला पुन्हा ठिबक करण्यातला हा प्रकार.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात कोणाच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. २०१० च्या जूनमध्ये पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीने भारत फोर्जबरोबर 'रेव्होलो' नावाचे किट जाहीर केले. साध्या पेट्रोल-डिझेल गाडीला मोटर व बॅटरी जोडायची, बॅटरी घरी चार्ज करायची, आणि किंमत ६५ हजारांपासून दीड लाखापर्यंत. नेमके आपल्याला हवे तेच! पण जुन्या गाडीला असे किट बसवण्याचे नियमच तेव्हा नव्हते. ते केंद्राने २०१६ साली काढले. तोपर्यंत वेळ निघून गेली, आणि रेव्होलो आपल्यासारख्या गिऱ्हाइकाच्या हाती काही आले नाही. शास्त्र पुढे आणि कागद मागे, याचे उसातले उदाहरण हवे असेल तर इथेनॉलचे घ्या. २०२३ च्या डिसेंबरात रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली आणि पुढल्या ऑगस्टात उठली. मधल्या काळात डिस्टिलऱ्यांची काय अवस्था झाली ते तुम्ही जाणता. असो.

आज मात्र नियम आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. किटच्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी लागते, ते अधिकृत ठिकाणीच बसवावे लागते आणि आरसी बुकावर नोंद व्हावी लागते. विनापरवाना बदलाला २०१९ च्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले आहे. दंडाचे सोडा. गाडी पेटली वा अपघात झाला, तर हाच बदल दाखवून विमा कंपनी दावा नाकारू शकते.

वस्तीवर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून बिल माफ आहे. "मग तिथूनच चार्ज करू, फुकटात," असे एकाने मला हसत हसत सांगितले. हे हसण्यावारी नेऊ नका. शेतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करणे म्हणजे विजेचा अनधिकृत वापर, वीज कायद्याचे कलम १२६. आकारणी दुप्पट दराने होते, आणि वापर कधी सुरू झाला हे ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची होते. एकाने केले की साऱ्या डीपीवर तपासणी येते. शेजाऱ्याचा ऊस ऐन उन्हात वाळवायचा असेल, तर हा चांगला उपाय आहे.

काही सभासद मला निराळ्याच बाजूने अडवतात. "बॅटरीच्या गाड्या आल्या तर आपल्या इथेनॉलचे काय?" भीती रास्त आहे, पण हायब्रिडपुरती ती लागू नाही. २०२३ च्या ऑगस्टात नितीन गडकरी यांच्या हस्ते दिल्लीत जी इनोव्हा दाखवली गेली, ती इथेनॉलवर चालणारी हायब्रिडच होती. आणि सहवीजनिर्मिती करणारे साखर कारखाने बगॅसची वीज ग्रिडला देतात, तेव्हा चार्जिंगच्या विजेतही थोडा ऊस आहेच. आपण बॅटरीशी वैर धरण्याचे कारण नाही. मान्यता असलेली वस्तू असेल, तर उचलीचा विचार संचालक मंडळाने जरूर करावा. त्यातही जुन्या गाड्यांना आणि दुचाकींना अग्रक्रम द्यावा असे मी म्हणेन. ठाण्याच्या गोगोएवन कंपनीच्या मोटारसायकल किटला २०२१ साली अशी मान्यता मिळाली आहे. नगरच्या कायनेटिकची १९७२ ची लुना तुम्हाला आठवत असेल. ती २०२४ च्या फेब्रुवारीत दोन युनिटच्या बॅटरीवर पुन्हा आली. घर ते गट ऑफिस, गट ऑफिस ते सोसायटी, एवढ्याच फेऱ्या असतील तर गाडीची डिकी कशाला फोडायची?

दुसरे असे, की किट तपासण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना आहे, त्यांपैकी एक आपल्या अहिल्यानगरातच आहे, संरक्षण खात्याची व्हीआरडीई. रणगाड्यांपासून सर्व वाहने तिथे तपासली जातात. एखाद्या सभासदाच्या मुलाने खरोखर चांगले किट तयार केले असेल (आणि असे हुन्नरी मुलगे आपल्याकडे आहेत), तर त्याने ते पडवीत बसवत बसण्यापेक्षा त्या दारी न्यावे. त्याचा चाचणीचा खर्च कारखान्याने उचलावा, अशी सूचना वार्षिक सभेत आली तर तिला अनुमोदन द्यायला मी उभा राहीन.

ज्यांनी बयाणा दिला आहे त्यांनी किटवाल्याकडून दोनच कागद मागावेत : चाचणी संस्थेचे मंजुरी प्रमाणपत्र, ज्यावर आपल्या गाडीचे मॉडेल लिहिलेले आहे असे, आणि बसवणाऱ्याचे अधिकृत असल्याचे पत्र. कागद मिळाले तर ते घेऊन परिवहन कार्यालयात जावे आणि गाडीला हात लावण्याआधी परवानगी घ्यावी. "नंतर देतो" असे उत्तर आले, तर पावती दाखवून बयाणा परत मागावा. पावतीच घेतलेली नसेल, तर आपल्या गटाच्या शेतकी ऑफिसात येऊन नाव सांगावे, म्हणजे तोच माणूस शेजारच्या गटात कोणाला गाठण्याआधी आम्हाला तिकडे निरोप देता येईल.