अब्बांच्या बुलेटचा कॅम

अब्बांची जुनी बुलेट टकटक करू लागली. भाचा म्हणाला, "मामू, रेसिंगचा कॅम टाकू या, पळेल!" आम्ही नाही म्हटले. त्या कॅमचा जोर वरच्या वेगात. मूल, सावलीवरून गडचिरोलीला जाताना जंगलात रानडुकरं आडवी येतात, मागे अम्मी बसलेल्या असतात. हळू चालतानाही ओढणारा मूळ मापाचाच कॅम बरा.

मिस्त्रींनी आधी टॅपेटचा गॅप पाहिला. कधी तेवढ्यानेच आवाज जातो. गेला नाही. मग झाकण उघडले. या ओतीव लोखंडी इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळे. एक्झॉस्टचा उंचवटा झिजला होता, त्यावर टेकणारा टॅपेटही खरवडलेला. दोन्ही बदलले, झिजलेल्या टॅपेटवर नवा कॅम टिकत नाही. गिअरच्या दातांवरच्या खुणा भाच्यानेच जुळवल्या.