तोंडी परीक्षेत सायकल

दहावीच्या इंग्रजीला लेखी पेपर ८० गुणांचा आणि उरलेले २० गुण शाळेतच मिळतात. त्यातला मोठा भाग मुलांच्या बोलण्या-ऐकण्यावर असतो. २०१८-१९ साली हे गुण बंद झाले होते. त्या वर्षी निकाल घसरला आणि २०१९-२० पासून ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे हे २० गुण किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

तोंडी परीक्षेत प्रश्न रोजच्या जगण्यातले येतात. सायकल हा त्यातलाच एक. ‘डू यू हॅव अ बायसिकल?’ असे विचारले की आपली मुले ‘येस सर’ म्हणून गप्प बसतात. नाहीतर पाठ केलेला निबंध म्हणू लागतात : माझी सायकल काळी आहे, तिला दोन चाके आहेत. दोन चाके असतात हे गुरुजींनाही ठाऊक आहे. त्यांना मुलाचे स्वतःचे काहीतरी ऐकायचे असते.

यावर सोपा उपाय म्हणजे उत्तराच्या तीन पायऱ्या. पहिली, सरळ उत्तर. दुसरी, त्याचे कारण. तिसरी, आपल्यावर घडलेली एखादी गोष्ट. असे :

‘येस, आय हॅव अ बायसिकल. आय राइड इट टू स्कूल बिकॉज द बस कम्स लेट. लास्ट वीक द चेन केम ऑफ, अँड आय पुट इट बॅक मायसेल्फ.’

वाक्ये तीनच, पण चेन पडणे आणि ती स्वतः बसवणे ही गोष्ट पुस्तकात सापडत नाही. मेहकर-लोणारच्या वाटेवर शाळा गाठणाऱ्या मुलाजवळ अशा गोष्टींचा तोटा नसतो. दुधाची कॅन, वावरातली न्याहारी, पावसात चाकाला धरलेली काळी माती, सारे सांगता येते.

नेहमीच्या चार चुका मात्र टाळाव्यात.

१. मराठीत सायकल ‘ती’ असते, म्हणून मुले ‘शी’ म्हणतात. इंग्रजीत ती ‘इट’.

२. ‘आय ॲम हॅविंग अ बायसिकल’ नव्हे, ‘आय हॅव अ बायसिकल’.

३. ‘माय सायकल इज पंक्चर’ नव्हे, ‘आय हॅड अ पंक्चर’.

४. कालची गोष्ट सांगताना ‘राइडेड’ असा शब्द नाही. ‘आय रोड माय बायसिकल’ म्हणावे.

सायकल नसेल तर? तर तसेच सांगावे. ‘नो, आय डोन्ट. आय वॉक टू स्कूल विथ माय सिस्टर.’ खरे उत्तर अडखळत नाही; बनवलेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न आला की मूल गोंधळते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. ज्या मुलीला अशी सायकल मिळाली, तिने ती आल्याने काय बदलले ते सांगावे. पूर्वी किती वाजता निघावे लागे, आता किती वाजता निघते, एवढ्याने उत्तर भरते.

अधिक विचारले तर एक माहिती जवळ असू द्यावी. हवा भरलेले टायर १८८७-८८ च्या सुमारास जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केले. डनलॉप हे जनावरांचे डॉक्टर होते. गुरेढोरे असलेल्या घरातल्या मुलाला हे सहज लक्षात राहील.

आता आई-वडिलांकडे वळू. आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार, असे पुष्कळ जण म्हणतात. इंग्रजी यायची गरज नाही. रात्री जेवण झाल्यावर मराठीत विचारा, ‘आज सायकलवर काय झालं रे?’ मुलाला इंग्रजीत सांगू द्या. तुम्ही तीन गोष्टी पाहा : तीन वाक्ये झाली का, आवाज ओट्यापर्यंत आला का, आणि मान खाली न घालता बोलला का. चूक झाली तर हसू नका. घरात हसलो तर मूल शाळेत तोंड उघडत नाही. शब्दाची शंका दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारायला सांगा.

रोज पाच मिनिटे, महिनाभर. आज सायकल, उद्या बैलजोडी, परवा विहीर. प्रश्न बदलले तरी पायऱ्या त्याच तीन.