पाहुण्या गलबताने नांगर कुठे टाकायचा? बंदरांच्या इतिहासातला आपण न विचारलेला प्रश्न (दीर्घ धागा)

१) मित्रहो, गेटवेच्या कठड्याशी उभे राहून समोर नांगरलेल्या होड्या कधी नीट पाहिल्या आहेत का? त्या साऱ्यांची नाळ बहुधा एकाच दिशेला असते. सहा तासांनी पुन्हा जा, सगळ्यांनी तोंडे फिरवलेली दिसतील. पुढच्या टोकाला बांधलेली होडी प्रवाहाला सामोरी जाते. भरतीत ती समुद्राकडे पाहते, ओहोटीत खाडीकडे. बंदराचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर आरंभ या साध्या दृश्यापासून करावा, असे माझे मत आहे.

२) आपण सागरी इतिहास वाचतो तो किल्ल्यांचा, तोफांचा आणि लढायांचा. ते योग्यच आहे. परंतु जहाज लढते ते वर्षातून मोजके दिवस. उरलेला काळ त्याला कुठेतरी थांबावे लागते. बाहेरून आलेल्या गलबताला सुरक्षित थांबण्याची जागा कोण देतो, कुठे देतो आणि कोणत्या अटीवर देतो, या तीन प्रश्नांवर बंदरांचे भाग्य घडले आणि बिघडले. हा धागा त्याविषयी आहे.

३) प्रथम सुरत. मुघलकाळातील पश्चिम किनाऱ्यावरचे हे सर्वांत श्रीमंत बंदर. पण तापीचे मुख उथळ आणि वाळूने भरलेले. मोठी जहाजे शहरापर्यंत पोहोचतच नसत. ती सुवाळीला, किनारा आणि वाळूचा दांडा यांमधल्या खोल पट्ट्यात थांबत. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली ती या परिसरातच. माल तिथे उतरायचा आणि गाड्यांतून वा लहान नावांतून सुरतेला जायचा. पावसाळी तुफानात ही जागा आसरा देण्यास असमर्थ होती. घर संपन्न, पण अंगण गावाबाहेर, अशी ही अवस्था!

४) आता मुंबई. बेटाची पूर्व बाजू नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या आडोशाला. पाणी खोल, तळ बहुतांशी चिखलाचा, आणि चिखलात नांगर चांगला धरतो. खडकावर तो घसरतो, नाही तर असा अडकतो की निघत नाही. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि १७५० साली इथे पहिली सुकी गोदी उभी राहिली. मुंबईचा उदय केवळ हुंड्यात मिळालेल्या बेटाची कथा नाही. जहाजाला थांबता येते आणि दुरुस्तही होता येते, अशा जागेची ती कथा आहे.

५) शिडांच्या काळात अशा गजबजलेल्या बंदरात आलेल्या पाहुण्यापुढे कोणते पर्याय असत? पहिला पर्याय म्हणजे एका नांगरावर उभे राहणे. हा सोपा, पण जागा फार खाणारा. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट ते पाचपट तरी सोडावा लागतो. दहा मीटर खोलीत चौपट दोर म्हणजे चाळीस मीटर. जहाज तीस मीटर लांब असेल, तर ते नांगराभोवती सुमारे एकशे चाळीस मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरते. आणि खोली मोजायची ती भरतीची. मुंबईत उधाणाचे पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते.

६) दुसरा पर्याय दोन नांगरांचा: एक भरतीच्या दिशेला, दुसरा ओहोटीच्या. जहाज मधोमध राहते आणि फिरण्याचे वर्तुळ आकसते. गर्दीच्या बंदरात हाच शिष्टाचार. तोटा असा की जहाज वळताना एकाच बाजूने फिरत राहिले, तर दोन्ही दोरांना पीळ बसतो, आणि वादळ आले की तो सोडवायला वेळ मिळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीपर्यंत हे दोर तागासारख्या तंतूंचे असत. लोखंडी साखळी रुळली ती त्यानंतर. तळाशी कायमचे वजन आणि त्याला जोडलेला तरंगता बोया ही याच व्यवस्थेची पुढची पायरी. गेटवेसमोरच्या अनेक होड्या आजही अशाच बोयांना बांधलेल्या असतात.

७) तिसरा पर्याय लहान गलबतांचा: बंदरातल्या चिखलात बसणे. भरतीला आत यायचे, ओहोटीत पाणी गेले की तळावर टेकायचे, माल उतरवायचा आणि पुढच्या भरतीला निघायचे. कोकण आणि गुजरातकडून येणारे मचवे, पडाव हेच करीत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची जुनी नावे आठवा: लकडी बंदर, कोळसा बंदर. कुठल्या मालाची गलबते कुठे टेकत, ते या नावांतच नोंदले गेले आहे. दप्तरखान्यात न सापडणारा हा पुरावा रस्त्याच्या पाटीवर सापडतो.

८) चौथा पर्याय ओल्या गोदीचा. भरतीला दार उघडून जहाज आत घ्यायचे आणि दार लावून पाण्याची पातळी राखायची. मग ओहोटी कितीही उतरो, जहाज धक्क्याला लागून तरंगत राहते. तोपर्यंत मोठ्या जहाजाचा माल पाण्यातच लहान पडावांत उतरवावा लागे. त्यात वेळ जाई, पैसा जाई आणि माल भिजे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, आगबोटींची वर्दळ वाढली आणि हा जुना क्रम परवडेनासा झाला. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी, पुढे व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी ही त्याची उत्तरे.

९) इथे थांबून एक प्रश्न विचारा. या चार पर्यायांपैकी कोणाच्या वाट्याला कोणता आला? ओली गोदी आली ती प्रामुख्याने दूरच्या व्यापाराच्या मोठ्या जहाजांच्या वाट्याला. कोकणातून तांदूळ, लाकूड, कौले, नारळ आणणाऱ्या शिडाच्या गलबतांच्या वाट्याला चिखलच राहिला. सामान्य उतारूंची सोय झाली ती लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेल्या धक्क्यामुळे. म्हणून तर त्यांचे नाव लोकांनी जपले. जागेचे वाटप तांत्रिक दिसते, पण त्यामागे बंदर कोणासाठी आहे याचा निर्णय दडलेला असतो.

१०) मराठी राज्याला हे कळत होते का? निःसंशय कळत होते. इ. स. १७१६ च्या सुमाराचे, रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ काढून आरमाराचे प्रकरण वाचा. त्यात पावसाळ्यातील छावणीचा विचार आहे. समुद्र खवळण्यापूर्वीच आरमार आसऱ्याला आणावे, ते किल्ल्याच्या बंदोबस्तातील बंदरात ठेवावे, दरसाल एकाच बंदरावर त्याचा भार टाकू नये, असा त्याचा आशय. नांगर टाकण्याची जागा हा राज्यकारभाराचा विषय आहे, हे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

११) त्याहून लक्षणीय भाग पाहुण्यांविषयीचा. परमुलखातील सावकाराचे गलबत कौल नसताना आले, तरी त्यावर एकदम बळजबरी करू नये. दिलासा देऊन त्याला बंदरात आणावे, जकातीत सवलत देऊन खरेदी-विक्रीस उत्तेजन द्यावे, असे तिथे सांगितले आहे. शत्रूच्या गलबतांचा न्याय अर्थात वेगळा. किल्ल्याच्या तटाची जाडी आपण पाठ करतो. हे धोरण मात्र आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते?

१२) यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. समुद्रावर तेव्हा कोणीही निव्वळ यजमान नव्हते. पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना घ्यायला लावीत आणि जहाजांना आपल्या बंदरांत येऊन जकात भरण्यास भाग पाडीत. आंग्र्यांचे आरमारही परवाना नसलेली जहाजे धरीत असे. इंग्रजांचा व्यवहार काही निराळा नव्हता. मान्य! पण यातून माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट पुष्ट होतो. आसरा देणे आणि आसरा नाकारणे ही एकाच सत्तेची दोन अंगे होती. लढाई हे तिसरे अंग. आपण मात्र तेवढेच वाचत आलो.

१३) म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी जलदुर्ग पाहायला जाल तेव्हा बुरूज मोजून झाल्यावर पाण्याकडे वळा आणि चार गोष्टी विचारा. खोली किती? तळ कसला? वारा कुठून अडतो? भरती-ओहोटीत किती फरक पडतो? विजयदुर्गाच्या पाठीशी वाघोटणची खाडी का महत्त्वाची, सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांतून वाट दाखवायला स्थानिक तांडेलच का हवा, हे मग कोणी सांगावे लागत नाही. हे ज्ञान आजही कोळी आणि गाबीत बांधवांपाशी आहे. ते टिपून घेणे हे इतिहासाचेच काम आहे.

१४) आणि हा प्रश्न जुना झालेला नाही. कोचीला बोळगट्टी बेटावर पाहुण्या शिडाच्या नौकांसाठी छोटा का होईना, स्वतंत्र तळ आहे. ज्या मुंबईने शतकानुशतके जगाची गलबते पाहिली, तिथे पाहुण्या लहान नौकेसाठी तशी रुळलेली सार्वजनिक सोय नाही. पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाच्या चर्चेत उद्याने येतात, मनोरे येतात, हौशी नौकांचे तळही येतात. लकडी बंदराच्या चिखलात बसणाऱ्या लाकडी गलबताचे स्थान कुठे, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

१५) माझे म्हणणे स्पष्ट आहे. हौशी नौकांना जागा द्यावी. त्याला विरोध असण्याचे कारण नाही. पण तीच मोजपट्टी मासेमारी होड्यांना आणि मालवाहू गलबतांनाही लावावी. अन्यथा १८८० साली झालेली वाटणी आपण नव्या नावाने पुन्हा करू: खोल पाणी आणि धक्का एका वर्गाला, चिखल दुसऱ्याला, आणि या वेळी तो चिखलही भराव टाकून बुजवलेला असेल. ज्या जागेवर पाणी येत नाही, तिथे कोणताही पाहुणा येत नाही.

१६) नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून आपला किनारा नव्या हंगामाला सामोरा जातो. पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरतात. पुढच्या पौर्णिमेला आपल्या जवळच्या एखाद्या बंदरावर जा आणि एखाद्या जुन्या नाखव्याला विचारा: ‘काका, बाहेरचे गलबत आले की पूर्वी कुठे लागायचे?’ जे उत्तर मिळेल ते तारीख आणि ठिकाणासह लिहून ठेवा, आणि या धाग्याखाली जरूर कळवा. लेखनसीमा.